नणंदेचा पाय

पप्पांचं वर्कशॉप बंद झालं तेव्हा मी आठवीत होते आणि माझा कॅलिपर दोन बोटं आखूड झालेला.

वागळे इस्टेटमधलं ते वर्कशॉप काही मोठं नव्हतं. पत्र्याची शेड, चार लेथ मशिनी, आणि त्यातल्या एकीवर पप्पा सतरा वर्षं उभे. मालकाने जागा विकली, मशिनी ट्रकवर चढवून गुजरातला नेल्या आणि कामगारांना सांगितलं, यायचं तर या. आम्ही कुठे जाणार? आंबिवलीला चाळीत एक खोली आणि आई कल्याणला चार घरी पोळ्या करायची. त्या चार घरांच्या पोळ्यांवर पाचवं घर आमचं चाललेलं.

माझा उजवा पाय मी दोन वर्षांची असताना तापात गेला. गेला म्हणजे आहे, पण बारीक, आणि त्यात जोर नाही. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, खाली बूट, मांडीला चामड्याचा पट्टा आणि गुडघ्याशी कडी. उभं राहिलं की कडी खाली सरकून बसते आणि गुडघा ताठ राहतो. खाली बसायचं तर ती हाताने वर घ्यायची. मूल वाढतं, कॅलिपर वाढत नाही. नवा करायचा तर सरकारी हॉस्पिटलच्या चकरा, आणि एका चकरेला आईचा एक खाडा. त्या वर्षी एकही खाडा परवडणारा नव्हता. मी वर्षभर एका अंगाला वाकून चालले. शाळेत मला प्रश्नचिन्ह म्हणायचे.

मग एका रविवारी पप्पा भंगारवाल्याकडून लोखंडी पट्ट्या घेऊन आले. ओळखीच्या एका ग्रिलवाल्याच्या दुकानात बसून त्यांनी प्रत्येक पट्टीत एका रांगेत चार भोकं पाडली. जुन्या पट्टीवर नवी ठेवून मधून बोल्ट घातला. कडीसुद्धा स्वतः केली. ती थोडी सैल झाली, त्यामुळे प्रत्येक पावलाला पट्टीवर आपटायची, टक्.

"आता वाढ," पप्पा म्हणाले. "वाढलीस की बोल्ट पुढच्या भोकात."

माझी वर्षं मी अजून तशीच मोजते. पहिलं भोक आठवी. दुसरं दहावी, त्रेसष्ट टक्के. तिसरं बारावी. चौथ्या भोकावर मी बी.ए. झाले. आमच्या घरात, आईच्या माहेरात आणि पप्पांच्या गावच्या सगळ्या भावकीत पहिली. हे मी जिथे जाते तिथे सांगते. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर येऊ दे.

नाटकाची खोड मला वस्तीतच लागली. जयंतीला विहारासमोर मंडप पडायचा आणि मुलांचं नाटक व्हायचं. तालमी घेणारी ताई मला दरवर्षी घ्यायची, पण पडद्यामागे. "तुझं पाठांतर चांगलं आहे, तू आतून बोल." पुढे कुणी अडकलं की मी आतून वाक्य पुरवायचे. राजाची, शिपायाची, पाटलाची, सगळ्यांची वाक्यं मला पाठ. एका वर्षी आईचं काम करणारी मुलगी ऐन वेळी गप्प झाली. तिने नुसते ओठ हलवले आणि पूर्ण प्रवेश मी पडद्यामागून बोलले. समोरच्या बायका रडल्या. बक्षीस तिला मिळालं, स्टीलचा डबा. तो डबा अजून त्यांच्या घरी आहे. मला माहीत आहे, मी विचारलंय.

कल्याणच्या कॉलेजातही तेच. एकांकिका बसायच्या आणि मी प्रॉम्प्टर. माझ्या दोन वर्षं पुढचा एक मुलगा दिग्दर्शन करायचा. त्याला मी एकदा सरळ विचारलं, "मला काम का नाही देत?"

तो वाईट नव्हता. डोकं खाजवत बोलला, "अगं, आवाज भारी आहे तुझा. पण तू एंट्री घेतलीस की पब्लिक पायच बघणार. नाटक कोण बघणार?"

"दोन मिनिटं बघतील," मी म्हटलं. "मग कंटाळतील."

तो हसला. काम काही दिलं नाही.

कॉलेज संपल्यावर मी ठाण्याला एका विमा एजंटच्या ऑफिसात फोनवर बसायला लागले. पाचेक वर्षांनी त्याच मुलाचा फोन आला. तो आता एका सिरीयलचा दिग्दर्शक झालेला. शूटिंग कोलशेतला, एका जुन्या गोडाऊनमध्ये बंगल्याचा सेट लावलेला.

"एक काम आहे," तो बोलला. "आमच्या हिरोइनच्या नणंदेला ॲक्सिडेंट होतो. तिला कॅलिपर लागतो. त्या ॲक्ट्रेसला जरा शिकवशील?"

"काय शिकवू?"

"लंगडायला."

"मी लंगडत नाही. चालते."

तो म्हणाला, "बरं बाई, चालायला शिकव."

मी गेले. ती ॲक्ट्रेस स्वभावाने गोड मुलगी होती, मला दीदी म्हणायची. पण तिच्या डोक्यात बसलेलं की पाय अधू म्हणजे तो दुखतो. प्रत्येक पावलाला कपाळावर आठी.

"दीदी, चालताना मनात काय आणायचं?"

"मी तर आज भाजी कुठली करायची ते आणते."

"आणि दुःख?"

"दुःख बसल्यावर आणायचं गं. चालताना आणलंस तर पडशील."

एका दिवशी तिने सकाळच्या सीनला उजवा पाय ओढला आणि जेवणानंतर डावा. कॅलिपर उजव्यालाच. आम्ही दोघी इतक्या हसलो की तिचा मेकअप परत करावा लागला. पण संध्याकाळी घरी येताना मला हसू येईना. अख्ख्या ठाण्यात शोधून या लोकांनी कॅलिपर घालून चालणारी आणि वाक्यं पाठ असणारी बाई आणली होती, आणि तिला मॉनिटरच्या मागे स्टुलावर बसवली होती. कुणी मला नाही म्हटलेलं नव्हतं. मला विचारायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आणि मीही बोलले नव्हते. पडद्यामागे बसायची मला इतकी सवय झालेली की ते स्टूल मला माझंच वाटलं.

तीन महिन्यांनी त्या मुलीला दुसरीकडे मुख्य रोल मिळाला. चांगलं झालं तिचं. सिरीयलमध्ये चेहरा बदलला तर प्रेक्षक दोन दिवस कुरकुरतात आणि विसरतात, पण नवीन कुणी मिळेपर्यंत शूटिंग थांबत नाही. त्या दिवशी हिरोइनचे क्लोजअप होते. समोरून नणंदेची वाक्यं कुणीतरी बोलायला हवी होती. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहिले आणि बोलले. तिसऱ्या वाक्याला हिरोइनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ग्लिसरीनचं नव्हतं.

कट झाल्यावर दिग्दर्शक मॉनिटरसमोरून उठला. मग बोलला, "पुढे ये जरा. लाईटमध्ये."

चॅनलच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, थोडे दिवस हिलाच नणंद ठेवून बघू. एवढ्यावर मी विम्याचं ऑफिस सोडलं. आईने विचारलं, "थोडे दिवस म्हणजे किती गं?" मला माहीत नव्हतं.

सेटवर मेकअप रूम वरच्या मजल्यावर, उभ्या लोखंडी जिन्याने. बाथरूमही वरच. मी सकाळी एकदा चढायचे, तयार होऊन उतरायचे आणि पॅकअपपर्यंत पाणी प्यायचे नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. मागत राहणाऱ्या माणसाला परत बोलवत नाहीत अशी भीती होती. साऊंडवाल्या दादांनी तर पहिल्याच दिवशी हात जोडले. "मॅडम, तुमचं ते टक् टक् डायलॉगवर येतंय हो." पप्पांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून कडीच्या आत बसवला. आवाज मेला. साऊंडदादा खूश झाले. मला मात्र दोन-तीन दिवस आपण चालतोय असं वाटेना.

आणि माझं काम काय, तर खिडकीत बसायचं आणि सगळ्यांचं भलं चिंतायचं. वहिनीचे डोळे पुसायचे. आईला म्हणायचं, माझी काळजी करू नकोस. मी कधी चिडत नव्हते, खोटं बोलत नव्हते, कुणाचं काही लपवत नव्हते. सहा महिने मी इतकी चांगली होते की घरी आल्यावर आईशी उगाच भांडायचे.

मग नवरात्र जवळ आलं. दिग्दर्शकाने मला बाजूला घेतलं. त्याच्या हातात कागद होते आणि तो माझ्याकडे न बघता कागदांकडे बघत बोलत होता.

"महाएपिसोड आहे. तुझ्या आईने देवीला नवस केलेला असतो. तू मंदिरात कॅलिपर काढून फेकतेस आणि पायऱ्या चढून जातेस. चेहरा तुझा घेऊ. पाय दुसऱ्या मुलीचे."

"आणि नंतर? नंतर तर ती रोजच चालणार."

"नंतर लीप घेतोय. गोष्ट एक वर्ष पुढे." त्याने कागद दुमडले. "नवीन चेहरा येईल. माझ्या हातात नाहीये गं हे."

मी तेव्हा जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "पायही माझेच घ्या. चार पावलं मी कॅलिपरशिवाय टाकते. मग पुढेही मलाच ठेवा, चालायचे सीन कमी करा." तो म्हणाला, जमेल? मी म्हटलं, आठ दिवस द्या.

काम टिकवायला मी बरी व्हायला निघालेले.

आई कामावर गेली की मी कॅलिपर काढून ठेवायचे आणि पलंगाच्या कडेपासून मोरीपर्यंत जायचा प्रयत्न करायचे. अंतर चार पावलांचंच. दुसऱ्या पावलाला गुडघा मुडपायचा. तेव्हा पप्पा कोलशेतलाच एका टॉवरच्या गेटवर वॉचमन होते. तिसऱ्या दिवशी ते सकाळची ड्युटी करून दुपारी घरी आले, तेव्हा मी मोरीच्या उंबऱ्यावर आडवी पडलेले आणि कोपर सोललेलं.

"काय करतेस?"

"प्रॅक्टिस."

"कसली?"

"बरं व्हायची."

मी सगळं सांगितलं. पप्पांनी मला उठवलं नाही. मी माझी मी उठते हे त्यांना माहीत आहे. त्यांनी पलंगाखालून कॅलिपर काढला, उलटासुलटा करून बघितला, बोल्ट हाताने फिरवून घट्ट आहे का ते तपासलं. आमच्या घरात नवस बोलत नाहीत. आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच ते संपलं. पण पप्पा त्यावर काहीच बोलले नाहीत. ते एवढंच बोलले, "फेकायचाच होता तर मी चार भोकं कशाला पाडली?"

मी त्यांच्यासमोर कॅलिपर चढवला. कोपराला हळद लावली. संध्याकाळी दिग्दर्शकाला फोन केला, मी पावलं टाकणार नाही, मला लेखकाचा पत्ता दे.

लेखकाला मी कधी पाहिलेलं नव्हतं. तो डोंबिवलीला घरी बसून लिहायचा, सेटवर नुसते कागद यायचे.

"तिसरा मजला आहे," दिग्दर्शक बोलला. "लिफ्ट नाही."

"असू दे. तुमच्याकडची सगळी महत्त्वाची माणसं वरच बसतात."

निघताना मी कडीतलं रबर काढून पप्पांच्या हातात दिलं.

ती जुनी बिल्डिंग होती, पायऱ्या उंच. मी डावा पाय वर ठेवायचे, कठड्याला धरून उजवा ओढून घ्यायचे, टक्. तिसऱ्या मजल्यावर पोहोचले तर दार आधीच उघडं, आणि दारात बर्मुडा घातलेला एक चष्म्यातला माणूस उभा.

"मी खालपासून ऐकतोय," तो म्हणाला. "मला वाटलं कोण काय चढवतंय. अहो, मला सांगायचं, मी खाली आलो असतो."

"तुम्हाला हा आवाज ऐकवायचा होता. तुम्ही सहा महिने माझं चालणं लिहिताय."

त्याने मला बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. माझी धाप खाली बसेपर्यंत त्याने चहा गाळला. कप माझ्या हातात देत म्हणाला, "हे बघा, प्रेक्षकांना शेवट गोड लागतो. तुमच्यावर अन्याय करायचा म्हणून नाही लिहिलं मी. तुम्हाला काय हवंय नक्की? लग्न लावून देऊ? नोकरी देऊ?"

"मला वाईट वागायचंय."

"म्हणजे?"

"अहो, नणंद आहे मी! सहा महिने झाले, वहिनीच्या भाजीत एकदाही जास्तीचं मीठ टाकलं नाही. चुगली नाही, कारस्थान नाही, दाराआडून ऐकणं नाही. कुठल्या सिरीयलमध्ये अशी नणंद असते हो? पाय अधू आहे म्हणून तुम्ही मला सगळ्यातून रजा दिलीत."

तो हसायला लागला. चहा बर्मुड्यावर सांडला तरी हसत राहिला.

"आमच्या वस्तीत या," मी म्हटलं. "आमच्याकडे एक आजी होत्या, दोन्ही पायांनी अधू, पाटावरून सरकत चालायच्या. अख्ख्या चाळीची भांडणं त्या लावायच्या. त्यांना कुणी बिचारी म्हटलेलं मी ऐकलं नाही."

"पण चॅनल ऐकणार नाही."

"चॅनलला सांगा, पाय बरा करायला एक भाग लागतो. वाईट नणंद वर्षभर पुरते."

तो हसायचा थांबला. चष्मा काढून पुसला. धंद्यातला माणूस होता, त्याला हे लगेच कळलं. मला खाली सोडायला तो रिक्षापर्यंत आला, आणि तीन मजले उतरताना एकदाही त्याने माझा दंड धरला नाही. नुसता बाजूने चालत होता, आवाज ऐकत.

चॅनलने आठवडा घेतला. तो आठवडा मी घरी बसून काढला आणि रोज फोन चार्जिंगला लावून त्याच्या शेजारी बसले. विम्याच्या ऑफिसात माझ्या जागी दुसरी मुलगी आलेली. आई पोळ्या करून आली की माझ्या तोंडाकडे बघायची, विचारायची नाही.

मग नवीन कागद आले. महाएपिसोड तसाच, मंदिर तसंच, आईचा नवस तसाच. सगळे श्वास रोखून नणंदेकडे बघतायत. नणंद हात जोडते, डोळे मिटते, उघडते. पाय आहे तसाच. आई रडते, सगळे तिला सावरायला धावतात, आणि त्या गडबडीत नणंद सभामंडप ओलांडून वहिनीच्या पिशवीपर्यंत जाते आणि घरातून हरवलेला सासूचा हार तिच्या पिशवीत टाकते. सुरुवातीपासून हार तिच्याकडेच असतो. त्या चालण्याला पार्श्वसंगीत नाही. कागदावर लिहिलेलं, फक्त कॅलिपरचा आवाज.

साऊंडदादा माझ्याजवळ आले. "मॅडम, ते रबर काढाल का?"

"कधीच काढलंय."

त्यांनी माझ्या गुडघ्याजवळ साडीच्या आत एक छोटा माइक लावला. मंदिराच्या सेटवर शंभरेक माणसं गप्प उभी होती. मी चालले. टक्. टक्. चालताना मी भाजीचाच विचार केला, गवारीचा.

भाग दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर शेजारच्या काकूंनी मला भर गल्लीत थांबवलं. "काय गं ए! लाज नाही वाटत? त्या गरीब पोरीच्या पिशवीत हार टाकलास? तुझ्या आईला सांगते थांब!" आजूबाजूच्या दोन-तीन बायकाही सुरू झाल्या. एक म्हणाली, डोळेच तसले आहेत हिचे. मी नवलाने ऐकत उभी राहिले. जन्मापासून त्या मला ओळखतात, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यातल्या एकीनेही पायाचा प काढला नाही. कॉलेजात मी दोन मिनिटं म्हटलेलं. वस्तीला तेवढीही लागली नाहीत.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मलाही एका मॅडमने गेटवर विचारलं, तुमची मुलगी खरी पण अशीच आहे का?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, याच्यापेक्षा जास्त आहे."

वाईट माणसाला मागायला भीती वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी मेकअप रूम खाली मागितली. मिळाली. खाली एक बाथरूम करून घेतलं, आणि पाणी प्यायला लागले. ऑडिशन वरच्या मजल्यावर व्हायच्या, त्यासाठी मी दिग्दर्शकाशी तीनदा भांडले. तिसऱ्यांदा तो वैतागून बोलला, "यापेक्षा तू सिरीयलमध्ये बरी आहेस गं!" पण ऑडिशन खाली आल्या. पुढे हिरोइनच्या वकिलाचं काम करायला उल्हासनगरचा एक बुटका माणूस आला, नाट्यस्पर्धा गाजवलेला. इतकी वर्षं त्याला सर्कशीतल्या विदूषकाशिवाय काही मिळालं नव्हतं. पहिल्या सीनला त्याला स्टूल द्यायचं का यावर चर्चा चाललेली. तो म्हणाला, "मला नको. न्यायाधीशाला सांगा, वाकून बघा."

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. अजून मला फोन येतात ते बहुतेक बिचाऱ्या बहिणीसाठी. मी विचारते, ती काही वाईट करते का? समोरचा गोंधळतो. काही जण फोन ठेवतात, काही जण विचार करून सांगतो म्हणतात. त्यातल्या दोघांनी विचार करून खरंच सांगितलं.

ती सिरीयल आणखी दीड वर्ष चालली. शेवटच्या भागात सगळं कुटुंब फोटोसाठी ओळीत उभं राहतं, आणि मी वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून गोड हसते, म्हणजे प्रेक्षकांनी समजायचं ते समजावं. शूटिंग संपल्यावर कॅलिपर मी घालूनच घरी आले. बोल्ट चौथ्या भोकातच आहे.

नणंदेचा पाय शेवटपर्यंत बरा झाला नाही, आणि तिचं काम शेवटपर्यंत मी केलं.